ओढीचं गुणोत्तर

स्काल्दिया या देशाचं नागरिक व्हायचं असेल तर पूर्वी तिथली भाषा यावी लागे, कर वेळेवर भरलेला असावा लागे आणि पोलिसांत तक्रार नसावी लागे. केतकी इंगवले या तिन्हींत पास होती. स्काल्दी भाषा तर तिची इतकी झाली होती की बंदरावरच्या मासेवाल्या तिच्याशी भावावरून भांडताना ती बाहेरची आहे हे विसरून जात. म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. खुबा बदललेल्या किती स्काल्दी आजी-आजोबांना तिने हाताला धरून पुन्हा चालायला लावलं होतं, याची मोजदाद तिने ठेवली नव्हती आणि सरकारने तर नव्हतीच ठेवली.

मग कायदा बदलला. कायमच्या रहिवाशांनी ठरलेल्या मुदतीत नागरिक व्हायचं, नाहीतर देश सोडायचा, आणि नागरिक व्हायचं तर ओढमापकाच्या खुर्चीत बसायचं. तर अशी एका सकाळी केतकी त्या खुर्चीत बसली.

डोक्यावर टोप चढवला गेला, नाकाखाली एक बारीक नळी आली. पडद्यावर, अर्जात लिहिलेल्या तिच्या दोन्ही गावांची चित्रं इतक्या झरझर सरकू लागली की एकही धड दिसेना. कानात आवाज येत आणि ओळखू येण्याआधी विरत. बंदरावरची घंटा असावी, लेकीच्या, ओवीच्या, शाळेतलं गाणं असावं, एस.टी.चं दार आपटल्यासारखंही काहीतरी होतं. आणि मग नळीतून वास आला. घनसाळ तांदूळ उकळत होता. आजऱ्याच्या घरात, आईच्या चुलीवर, झाकणाखालून पेज उतू जायला आली की जो वास बाहेरच्या सोप्यापर्यंत यायचा, तोच. केतकीला तो कळला तेव्हा तिचे डोळे आधीच भरून आले होते.

"मूळ ओढ चौसष्ट, स्थानिक ओढ छत्तीस," केंद्राच्या प्रमुख डॉ. मार्ता लिंड म्हणाल्या. त्यांनी तिला रुमाल दिला. बाई तशा मऊ स्वभावाच्या होत्या. "स्थानिक ओढ निदान साठ हवी. पण काळजी करू नका, यावर शमन आहे."

"कशाचं शमन?" उत्तर माहीत असूनही केतकीने विचारलं.

"मूळ ओढीचं. चार बैठका, दुखत अजिबात नाही."

केतकीने रुमाल परत केला. तिच्या आईच्या भाताला रोग ठरवून त्यावर औषध सुचवलं जात होतं आणि सुचवणारीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. राग तिथेच पेटला आणि नंतर तो कधी विझला नाही.

या ओढमापकाची गोष्ट मुळात वाईट नव्हती. एखादी ओळखीची जागा समोर आली की मेंदूत खोलवर, जिथे जागांच्या आठवणी साठवलेल्या असतात तिथे, पेशींचे समूह ठरावीक क्रमाने चेततात. त्या जागेशी माया जडलेली असेल तर मायेची केंद्रंही त्यांच्या पाठोपाठ चेततात. या हालचालीतून अतिशय क्षीण चुंबकीय लहरी उमटतात आणि टोपातले संवेदक त्या टिपतात. हे सगळं माणसाला भान येण्याच्या आत घडून जातं, त्यामुळे इथे सोंग चालत नाही. हे यंत्र बनवलं गेलं होतं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी. बोलता न येणाऱ्या म्हातारीला नेमक्या कुठल्या वासाने, कुठल्या आवाजाने शांत वाटेल ते शोधण्यासाठी. केतकीने स्वतः दवाखान्यात त्याचा उपयोग पाहिला होता. पण सरकारच्या हाती काही चांगलं लागलं की त्याचा दाखला बनायला वेळ लागत नाही.

शमनाचं शास्त्रही साधं होतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. ती काढली की काही काळ ओली होते आणि मेंदू तिला पुन्हा नव्याने वाळवून ठेवतो. त्या ओल्या काळात एक विशिष्ट औषध दिलं तर आठवणीतली माहिती टिकते पण तिला चिकटलेली माया पुन्हा बसत नाही. गाव आठवतं, गल्ल्या आठवतात, फक्त आत काही हलत नाही. माहितीपत्रकावर ठळक छापलेलं होतं की शमन केवळ भूमीची ओढ कमी करतं, माणसांची नाही.

हे वाक्य किती खोटं आहे ते केतकीच्या घरात रोज समोर बसून जेवत होतं.

तिच्या नवऱ्याने, निनादने, आदल्या हिवाळ्यात शमन घेतलं होतं. तो फलटणचा. पुलांच्या कंपनीत संगणकावर भार मोजायचं त्याचं काम. भावनेच्या भरात काही करणारा माणूस नव्हे. "चार बैठका आणि आयुष्यभराची कटकट संपली," असं तो म्हणाला होता. दुसऱ्या चाचणीत त्याची स्थानिक ओढ ब्याण्णव भरली. त्याने शपथ घेतली, दोघांनी मित्रांना जेवायला बोलावलं आणि त्या दिवशी केतकीने स्वतः पुरणपोळ्या केल्या होत्या. निनादने एक खाल्ली आणि छान झालीय म्हणाला, पाहुणा म्हणतो तसं.

तेही तिने मनावर घेतलं नाही. पण वसंतात एका सकाळी नाश्त्याच्या वेळी फलटणहून फोन आला. निनादचे वडील, अण्णा, गेले होते. निनादने "बरं, कधी?" असं विचारलं, धाकट्या भावाशी पुढच्या व्यवस्थेचं नीट बोलला, फोन ठेवला आणि पावाला लोणी लावायला घेतलं. "ओवी, तुला उशीर होतोय," तो लेकीला म्हणाला. ओवी पंधरा वर्षांची. ती आईकडे बघत राहिली आणि केतकी त्याच्या हातातल्या सुरीकडे.

संध्याकाळी तो आपणहून स्वयंपाकघरात आला. "केतकी, मला काहीच होत नाहीये."

"धक्का बसला असेल."

"नाही. मी दिवसभर तपासून बघितलं. अण्णा अंगणात उसाचं कांडं दातांनी सोलून मला द्यायचे, ते आठवलं. विहिरीवर पोहायला शिकवलं ते आठवलं. सगळं दिसतं, पण दुसऱ्या कोणाचे तरी वडील असावेत असं." तो ओट्याला टेकला. "मला वाईट वाटायला हवं ना?"

"हो रे," केतकी म्हणाली आणि त्याच्या वाटचं तीच रडली.

अण्णा हवेत तरंगत नव्हते. ते फलटणच्या अंगणात होते, विहिरीच्या काठावर होते. अंगणाची माया गेली तशी अंगणात बसलेल्या माणसाचीही गेली. एवढी साधी गोष्ट ज्या विद्वानांना सुचली नाही त्यांनी माहितीपत्रक लिहिलं होतं. किंवा सुचली असेल आणि छापायला जागा उरली नसेल.

आणि आता तेच केतकीला घ्यायचं होतं. नाही घेतलं तर मुदतीनंतर देश सोडायचा आणि पुढचा अर्ज बाहेरूनच करायचा. त्याचा निकाल कधी लागेल ते देवाला ठाऊक. निनाद नागरिक, ओवी जन्मानेच नागरिक, त्या दोघांना कोणी हात लावणार नव्हतं. फक्त घराच्या मधोमध उभी असलेली बाई उचलून बाहेर ठेवायची होती.

तिने आईला फोन लावला. पडद्यावर आधी छप्पर दिसलं, मग आईचं कपाळ, मग अर्धी आई.

"काय करालीस?" केतकीने विचारलं.

"काय न्हाई, तांदूळ निवडालोय. तू बोल. झालं का तुझं कागदाचं?"

केतकीने सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. सुपातला हात थांबला नाही.

"मग घे की ते औषध," आई म्हणाली.

"आई, अगं तुला कळतंय का मी काय सांगतेय?"

"कळतंय की. न कळायला काय झालं? निनाद बापासाठी रडला न्हाई, तसं तुझं हुईल. होऊ दे की. मी मेल्यावर तू रडलीस काय आणि न रडलीस काय, मला काय दिसणार हाय? पोरगी हाताशी आलीया तुझी. तिला टाकून हिकडं येऊ नगंस." मग म्हणाली, "माझं नाव तर ऱ्हाईल न्हवं ध्यानात? मग झालं तर."

आपल्याला विसरायची परवानगी आई तांदूळ निवडता निवडता देऊन मोकळी झाली होती. एका म्हाताऱ्या बाईला आपल्या लेकीला असं सांगावं लागतं, तेही एका परक्या देशाचा शिक्का मिळावा म्हणून, याची तिला इतकी चीड आली की फोन ठेवल्यावर तिने धुतलेली भांडी पुन्हा घासली.

ओवीचं म्हणणं निराळं होतं आणि तिचाही तोल सुटलेला होता.

"बाबाने घेतलं ना? मग तूच का हट्ट धरून बसलीयेस? तुला मी हवीय की आजऱ्याचा तो भात?"

"नीट बोल, ओवी."

"नीटच बोलतेय. मी तर इथली आहे. तुला असलेली माझी ओढ थोडीच जाणार आहे."

केतकी तिच्याजवळ बसली. "तू झालीस तेव्हा माझी आई इथे येऊन राहिली होती. बाहेर बर्फ, घरात नुसता हीटर लावलेला, आणि तिने तुला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. आजऱ्याला मला घातलं तसंच. तेच तेल, तीच गाणी. माझ्या डोक्यात तू आणि आजरा वेगवेगळ्या कप्प्यांत नाही आहात गं. त्यांनी आजरा शमवला तर त्याच्याबरोबर तू किती जाशील, ते त्या लिंडबाईंना माहीत नाही आणि मलाही नाही. उद्या तुला ताप आला आणि मी पावाला लोणी लावत बसले तर?"

ओवी उठून खोलीत गेली, पण दार तिने आपटलं नाही.

केतकीने शमनाला नकार कळवला आणि सुनावणी मागितली. कायद्यात तशी सोय होती. समितीवर तिघेजण होते आणि यंत्राबद्दल सांगायला डॉ. लिंड. निनाद मागच्या बाकावर बसला होता.

अध्यक्ष सभ्य माणूस होता. "आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो," अशी त्याने सुरुवात केली, तेव्हाच केतकीला कळलं की हा करणार नाही.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "माझी इथली ओढ छत्तीस. शंभरातली छत्तीस. हे शंभर कशाचे?"

डॉ. लिंडनी उत्तर दिलं. "दोन्ही ओढींच्या बेरजेचे. यंत्र मूळ आणि स्थानिक अशा दोन्ही लहरी स्वतंत्र मोजतं आणि मग त्यांचं गुणोत्तर काढतं."

"मग भागाकार करण्याआधीची माझी इथली लहर दाखवा. नुसती. आणि तिच्याशेजारी तुमच्या जन्मजात नागरिकांची. यंत्र बसवताना त्यांच्यावर चाचण्या केल्याच असतील."

अध्यक्ष म्हणाला की याची गरज नाही. डॉ. लिंडनी तरीही आलेख पडद्यावर आणला. बाई मऊ होत्या, पण शास्त्रज्ञ होत्या.

केतकीची इथली लहर उंच चढलेली होती. बंदरावरच्या घंटेला, डांबर लावलेल्या होड्यांच्या वासाला, ओवीच्या शाळेच्या गाण्याला ती उसळली होती. तिच्या शेजारी शेकडो नागरिकांच्या लहरी होत्या आणि बहुतेक तिच्या गुडघ्यापर्यंतही पोचत नव्हत्या. त्यांची बाहेरची ओढ जवळजवळ शून्य होती, म्हणून त्यांच्या टीचभर ओढीचं गुणोत्तर सत्त्याण्णव येत होतं.

केतकी समितीकडे वळली.

"म्हणजे तुमच्या देशावर माझं प्रेम तुमच्यापेक्षा जास्त आहे. माझा गुन्हा एवढाच की माझं आणखीही एका ठिकाणावर आहे. ज्याला कशाचीच ओढ नाही तो तुमच्या परीक्षेत पहिला येतो. माझा नवरा मागे बसलाय, त्याचा आलेखही काढा. त्याची इथली ओढ वाढली का? डॉक्टर, सांगा ना. वाढली का?"

"नाही," डॉ. लिंड खाली बघत म्हणाल्या. "किंचित कमीच झाली. मूळची बरीच जास्त कमी झाली, म्हणून गुणोत्तर..."

"म्हणून तो पास."

"आपण भावनेच्या आहारी जाताय," अध्यक्ष म्हणाला.

"भावना मोजायला तुम्हीच बसलात, साहेब. मी तर तुमच्याकडे नुसती भाषेची परीक्षा द्यायला आले होते." केतकीचा आवाज चढला नव्हता. "मी जिथून आले तिथे लग्न झालेल्या प्रत्येक बाईला दोन घरं असतात. एक माहेर, जिथे ती जन्मली, आणि एक सासर, जिथे ती पुढचं आयुष्य काढते. मरेपर्यंत तिला माहेराची ओढ असते आणि तरीही सासरचं घर तीच उभं करते. आमच्याकडे सगळं गोडीगुलाबीने चालतं असं नाही. सासरी टोमणे मिळतात, छळ होतो, नाव बदलतात. पण सुनेचं माहेर औषध घालून पुसून टाकायचं हे आमच्या कोणा खाष्ट सासूलाही कधी सुचलं नाही. हे यंत्र बनवताना घर सोडून दुसरं घर मांडलेल्या एका तरी बाईला खुर्चीत बसवलं होतं का?"

डॉ. लिंडनी मान हलवली. नव्हतं बसवलं.

समिती आत गेली आणि थोड्याच वेळात बाहेर आली. कायद्यात 'गुणोत्तर' असा शब्द असल्यामुळे समितीचे हात बांधलेले होते. अर्ज नामंजूर झाला. अध्यक्षाने तिच्याशी हस्तांदोलन करायला हात पुढे केला. केतकीने आपले हात कोटाच्या खिशातच ठेवले.

बाहेर डॉ. लिंड तिच्या मागे आल्या. "ते आलेख मी प्रसिद्ध करणार आहे," त्या म्हणाल्या. "माझी नोकरी जाईल बहुधा."

"आधी का नाही केलेत?"

"कोणी विचारलं नव्हतं."

केतकीने त्यांचे आभार मानले नाहीत. निनादच्या अण्णांना जाऊन आता चार महिने झाले होते आणि तो अजून रडला नव्हता.

निघायच्या दिवशी सामान दाराशी आलं. टॅक्सी खाली येऊन थांबली होती. ओवी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती, डोळे सुजलेले. केतकी बूट घालत होती तेवढ्यात निनाद स्वयंपाकघरातून ताट घेऊन आला. ताटात तांदूळ होते, हळकुंड, सुपारी, ओवीचा निळा नवा रुमाल घडी करून ठेवलेला आणि नारळ मिळाला नाही म्हणून एक मोठं सफरचंद.

"हे काय?"

"ओटी. तू आजऱ्याहून पहिल्यांदा इकडे निघालीस तेव्हा तुझ्या आईने भरली होती. मी सोप्यात उभा होतो."

"ओटी बायका भरतात, निनाद."

"इथे दुसरं कोण आहे?" तो म्हणाला. "मला वाटत काही नाही, केतकी. पण कसं करायचं ते सगळं आठवतं. तेवढं त्यांनी ठेवलंय. चुकलं तर सांग."

केतकीने गळ्यातली लोकरीची शाल पुढे धरली. त्याने ओंजळीने तांदूळ घातले, एकदा, दोनदा, तीनदा, एखादं यंत्र जोडावं तशा काळजीने. मग सफरचंद, मग रुमाल. आधी लावायचं कुंकू राहिलं होतं आणि घरात ते नव्हतंच, म्हणून तो अडला, आणि अडून तसाच उभा राहिला.

"या सगळ्याचा मला राग यायला हवा ना?" त्याने विचारलं. "त्यांनी जे केलं त्याचा."

"हो."

"मग माझ्या वाटणीचाही तू धर. मला जमत नाहीये."

"धरलाय," ती म्हणाली. "तुझाही, आईचाही. तिथून रोज अर्ज करीन. कंटाळतील पण मी कंटाळणार नाही."

मग ती बुटांसकट स्वयंपाकघरात गेली. ओटीतले चार दाणे तिने चिमटीत घेतले, तांदळाचा डबा उघडला आणि आत टाकले. ओवी तिच्या मागे आली होती.

"हे कशासाठी?"

"ओटी घेऊन निघताना चार दाणे घरात ठेवून जायचे असतात. आजऱ्याहून निघताना मी आईच्या डब्यात टाकले होते."

ओवीने विचार केला. "पण ते तर माहेरी ठेवतात ना? आजी सांगायची."

"माहेरीच ठेवतेय," केतकी म्हणाली.

खाली टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला. केतकीने शालीची गाठ मारली आणि दाराकडे वळली.

"डब्याचं झाकण नीट लाव, ओवी. मी आले की यातलाच भात टाकू."